अंधारी खोली, आगरातला राखणदार आणि अकरा वारस : घरातल्या भुतांचे करायचे काय?

आगरवाट :

नमस्कार.

मालवण तालुक्यात, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर आमचे मूळ घर आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, फणसाचे खांब, पुढे ओटी आणि पडवी, मध्ये माजघर, वर माळा आणि मागे माड-पोफळींचे आगर अशी त्याची रचना कोकणातल्या शेकडो घरांसारखीच आहे. पूर्वी त्यावर नळे होते. आजोबांनी मंगळुरी कौले घातली. कागदोपत्री आज त्याला अकरा वारस आहेत आणि त्या अकरांपैकी गावात कोणीही राहत नाही. शेवटपर्यंत घर धरून राहिलेल्या आमच्या काकू चार वर्षांपूर्वी लेकीकडे कुडाळला गेल्या आणि तेव्हापासून घर बंद आहे. यंदा सर्वांनी मिळून पैसे घालायचे आणि पाऊस उघडला की डागडुजी सुरू करायची, इथपर्यंत कसेबसे एकमत झाले. अकरा वारसांचे एकमत होणे हीच खरे तर या घरातली सर्वांत अद्भुत घटना म्हणायला हवी, पण प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

आमच्या घराला तीन गोष्टी चिकटलेल्या आहेत. पहिली आगरातल्या राखणदाराची. आगराच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्यात सुरंगीच्या झाडाखाली एक अनघड दगड आहे. वर्षातून एकदा त्याला रोट (जाड भाकरी), नारळ आणि विडी ठेवायची आणि तिन्हीसांजेनंतर त्या कोपऱ्याकडून जायचे असेल तर आधी खाकरायचे, असा दंडक आहे. रात्री गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने काठी आपटत जाणारे कोणी तरी वडिलांनी लहानपणी ऐकले होते आणि त्यांना त्याची भीती अशी कधी वाटली नव्हती.

दुसरी गोष्ट विहिरीची. साधारण १९६० च्या दशकात आमच्या घराची जुनी विहीर गाळ काढण्यासाठी उघडली. त्या विहिरीत उतरलेला गडी वर आलाच नाही आणि त्याला आणायला उतरलेला दुसरा माणूसही तिथेच राहिला. गिऱ्ह्याने, म्हणजे पाण्यातल्या भुताने, ओढले असे तेव्हा सर्वांनी मानले. विहिरीवर फळ्या टाकल्या, पुढे नळाचे पाणी आले आणि विषय तिथेच मिटला.

तिसरी गोष्ट मात्र सांगताना घरातली माणसे आवाज खाली आणतात. माजघराच्या मागे एक खोली आहे. तिला खिडकी नाही, दार ठेंगणे आहे आणि आत शिरले की भर दुपारीही डोळे सरावायला वेळ लागतो. तिथे ‘वहिनी’ आहे असे म्हणतात. वहिनी कोणाची, हे कोणी सांगत नाही. ती ‘मानमोडीच्या साली गेली’ एवढेच एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्या खोलीत कोणाला नावाने हाक मारायची नाही, त्या खोलीत झोपायचे नाही, आणि झोपलेच तर छातीवर कोणी तरी बसते. माझ्या एका आत्येभावाने पैज म्हणून एक रात्र तिथे काढली आणि पहाटे तो घामाने निथळत बाहेर आला. आपण जागे होतो, डोळे उघडे होते, पण बोट हलवता येत नव्हते, असे तो आजही शपथेवर सांगतो. शिवाय रात्री माळ्यावरून जाते फिरवल्यासारखी घरघर येते. जाते तर केव्हाच परसात पालथे पडले आहे.

गावचा गवंडी चांगला आहे आणि गेली वीस वर्षे आमचे काम करतो आहे, पण देवाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय त्या खोलीला हात लावणार नाही असे त्याने स्पष्ट सांगितले. ते मी समजू शकतो. पण माझ्या एका चुलतभावाने मुंबईहून एक ‘जाणकार’ शोधून काढला आहे. त्याने घर न पाहता, केवळ फोनवर, खोलीखाली गुप्तधन असून वहिनी त्यावर बसली आहे असे निदान केले आणि शांत करण्याचे पंचेचाळीस हजार सांगितले. भावाला आता खोलीची जमीन उकरायची आहे.

मी स्वतः भुते मानत नाही. तरीही या गोष्टी ‘खुळचटपणा’ म्हणून झाडून टाकाव्यात असे मला वाटत नाही, कारण घर दुरुस्त होईल आणि गोष्टी नाहीशा होतील, मग उरेल ते केवळ जांभ्याचे चिरे. तुमच्या घरांत अशा गोष्टी होत्या का, त्यांच्या मागचे माणूस कधी सापडले का, आणि दुरुस्ती करताना तुम्ही काय ठेवले व काय मोडले, हे कृपया सांगावे.

तेरेखोलपार :

आगरवाट, मी पेडण्याचा आहे, म्हणजे तुमच्यापासून तेरेखोलची खाडी ओलांडली की आमचा मुलूख सुरू होतो. आधी एक गोष्ट नीट करू या. तुम्ही तिन्ही गोष्टींना मिळून ‘भुते’ म्हटले आहे. गावातला कोणीही जुना माणूस तसे म्हणणार नाही. राखणदार हे भूत नव्हे. त्याला कोणी देवचार म्हणतो, कोणी जागेवाला म्हणतो, पण तो कोणाच्या मरणातून उरलेला आत्मा म्हणून सहसा ओळखला जात नाही. त्याचे नाते जागेशी असते. तुमचे कुटुंब त्या आगरात येण्याच्या आधी तो तिथे होता आणि तुम्ही त्याच्या हद्दीत राहता, असा तो करार आहे. म्हणूनच तुमच्या वडिलांना काठीचा आवाज ऐकून भीती वाटली नाही. देवचाराची काठी, खांद्यावरची घोंगडी आणि रात्रीची फेरी हे वर्णन आमच्याकडे जसेच्या तसे आहे. आमच्या खाजण शेतीत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीत) मानशीपाशी, म्हणजे खाडीचे पाणी अडवणाऱ्या दारांपाशी, असा राखणदार मानतात आणि बांध फुटू नये म्हणून त्याची राखण देतात.

याच कल्पनेचे भव्य रूप पाहायचे असेल तर वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाचे दर्शन घेऊन या. तिथे देवाला नवसाच्या भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. केळ्यांचे घड वाहण्याचीही तिथली प्रथा प्रसिद्ध आहे. गोव्यात आमोणे, प्रियोळ, लोलये अशा गावांत हाच देव बेताळ या नावाने आहे. घाटावरच्या माणसाला वेताळ म्हटले की स्मशान आणि भुतांची पालखी आठवते. आमच्याकडे तो गावाची वेस सांभाळणारा आहे. तुमच्या आगरातला दगड या मोठ्या व्यवस्थेची अगदी शेवटची, घरगुती कडी आहे.

त्यामुळे माझे मत असे की दगडाला हात लावू नका आणि त्याबद्दल कोणाला पैसेही देऊ नका. गावच्या मानकऱ्यांना सांगून गाऱ्हाणे घाला. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात होईल, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतील, घरात कोणते काम काढले आहे ते त्याच्या कानावर घातले जाईल आणि एक नारळ फुटेल. गवंड्याला हवे आहे ते एवढेच.

एक गोष्ट मात्र विचारून घ्या. रोट ठेवण्याचा मान तुमच्याच घराकडे होता, की दुसऱ्या एखाद्या कुटुंबाकडे? अनेक ठिकाणी जमीन एकाची आणि राखण देण्याचा हक्क दुसऱ्याचा असे असते, आणि तो दुसरा बहुधा त्या जमिनीचा जुना कसणारा असतो. कूळकायद्याच्या आधीचे नाते कागदावर कधी आले नसेल, पण रोटाच्या मानात ते टिकून राहिलेले मी स्वतः पाहिले आहे. आमच्या गावात असा मान असलेले कुटुंब मुंबईला गेले, तरी त्यांच्यातला एक जण त्या दिवसापुरता येतो, रोट ठेवतो आणि रात्रीच्या गाडीने परत जातो. घरमालक त्या दिवशी केवळ बाजूला उभा राहतो.

पिंगळा :

वरील प्रतिसादाशी माझे भांडण नाही, पण विहिरीची गोष्ट वाचून मला राहवले नाही, म्हणून आधी तेच लिहितो. वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या विहिरीत पालापाचोळा कुजतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि कधी कधी हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू तयार होतात आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचून राहतात. उतरणारा माणूस काही क्षणांत शुद्ध हरपतो. वरच्याला तो पाण्यात पडलेला दिसतो आणि तो वाचवायला उतरतो. पहिल्यापाठोपाठ दुसरा जाणे ही वायूने झालेल्या मृत्यूची जवळजवळ खूणच आहे. आपल्या लोकांनी त्याला गिऱ्हा म्हटले, माणसाला पाण्याकडे ओढून नेणारा. स्पष्टीकरण चुकले असेल, पण ‘त्या विहिरीत उतरू नका’ हा निष्कर्ष अचूक होता आणि त्याने साठ वर्षे तुमच्या घरातल्या माणसांचे जीव वाचवले. आता दुरुस्तीच्या भरात कोणी शहाणा ‘भूतबित काही नसते’ असे म्हणत फळ्या काढून खाली उतरला, तर तोच सर्वांत आधी मरेल. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही, कारण विषारी वायू असूनही ज्योत जळत राहू शकते. वायू मोजण्याचे यंत्र, हवा खेळवणे आणि कमरेला दोर बांधून वर माणसे उभी असणे, यांशिवाय कोणालाही उतरू देऊ नका.

आता माळ्यावरचे जाते. माझा अंदाज गव्हाणी घुबडाचा आहे. हे घुबड घरटे बांधत नाही. बंद घराचा माळा, देवळाचा कळस, पडका वाडा अशा जागी थेट अंडी घालते. त्याची पिले भूक लागली की रात्रभर एक खरखरीत, घोरल्यासारखा आवाज काढतात. चार-पाच पिले एकदम सुरू झाली की खाली झोपलेल्या माणसाला जड वस्तू दगडावर फिरते आहे असे वाटणे अगदी शक्य आहे. मोठे घुबड पांढरट असते, उडताना त्याच्या पंखांचा आवाज होत नाही आणि त्याची किंकाळी ऐकून भल्याभल्यांची गाळण उडते. कोकणातल्या निम्म्या हडळी या पक्ष्याच्या खात्यावर जमा करायला माझी हरकत नाही. पावलांचा आवाजही येत असेल तर तो उदमांजराचा. ते वाशांवरून चालते तेव्हा माणूस दबकत चालल्यासारखे वाटते. माळ्यावर चढून उजेडात पाहा. घुबडाने ओकलेल्या केसांच्या आणि हाडांच्या काळपट गोळ्या सापडल्या तर घुबड आणि बियांनी भरलेली विष्ठा सापडली तर उदमांजर.

छातीवर कोणी बसण्याचा अनुभव खरा आहे आणि तुमचा आत्येभाऊ खोटे बोलत नाही. झोपेच्या एका अवस्थेत मेंदू शरीराचे स्नायू थांबवून ठेवतो. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. त्या अर्ध्या-एक मिनिटात डोळे उघडे असतात, शरीर हलत नाही, छातीवर दाब जाणवतो आणि खोलीत दुसरे कोणी आहे अशी खात्री वाटते. उताणे झोपल्यावर, झोप अपुरी असताना आणि मनात भीती असताना हे अधिक घडते. पैजेची रात्र म्हणजे या तिन्हींचा संगम.

कोर्टकचेरी :

मी केवळ त्या पंचेचाळीस हजारांबद्दल लिहितो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर आधी अध्यादेश आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. भूत-पिशाचांना आवाहन करण्याची भीती घालून लोकांत घबराट निर्माण करणे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, गुप्तधनाच्या शोधासाठी अघोरी कृत्ये करणे हे सारे त्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. घरातली पूजाअर्चा, नारळ, गाऱ्हाणे यांना हा कायदा आडवा येत नाही, त्यामुळे राखणदाराबद्दल निश्चिंत राहा.

आणि भावाला हेही सांगा की खरोखरच धन निघाले तरी ते खोदणाऱ्याच्या खिशात जात नाही. निखात निधीचा १८७८ चा कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. अकरा वारस असलेल्या घरात खोलीची जमीन उकरली की धनाच्या आधी दिवाणी दावा बाहेर येतो, हा माझा व्यवसायातला अनुभव आहे.

माजघर :

सर्व प्रतिसाद वाचले. पुरुषमंडळींनी राखणदार, विहीर, घुबड आणि कायदा यांचा चांगला निकाल लावला, पण वहिनी अजून त्या खोलीतच बसून आहे, म्हणून लिहिते.

माजघरामागची, खिडकी नसलेली, ठेंगण्या दाराची खोली म्हणजे बाळंतिणीची खोली. आमच्या गुहागरच्या घरातही ती तशीच होती. वारा लागू नये म्हणून खिडकी ठेवायची नाही, आत शेगडी पेटती ठेवायची, धुरी द्यायची आणि बाळंतिणीने दहा दिवस तिथून हलायचे नाही. तिथे किती बायका तापाने गेल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, पण भुतांच्या नावांत तो हिशेब आहे. बाळंतपणात गेली तर अलवंतीण किंवा हडळ, सवाष्ण गेली तर जखीण, आणि विधवा गेली तर लावसट, जी आज तुमच्याकडे सर्रास शिवी म्हणून वापरली जाते. पुरुष मेला तर त्याचा मुंजा होतो किंवा समंध होतो, म्हणजे त्याची मुंज, त्याचे लग्न, त्याचा जमीनजुमला यांवरून त्याचे नाव ठरते. बाईचे भूत मात्र तिच्या गर्भाशयावरून आणि कुंकवावरून ओळखले जाते. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी गोळा केलेल्या आणि त्यांच्या खुनानंतर एन्थोवेन यांनी संपादित केलेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या टिपणांत (१९१५) गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेल्या भुतांच्या याद्या आहेत. त्या वाचताना मला सतत असे वाटले की ही मरणाच्या कारणांची नोंदवही आहे, फक्त रकाने वेगळे आखले आहेत.

आता तुमचे ‘मानमोडीच्या साली’. हे शब्द तुम्ही ओझरते लिहून गेलात, पण सर्वांत मोठा धागा तोच आहे. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. जूनमध्ये ती मुंबईत आली आणि पावसाळा संपता संपता आलेली दुसरी लाट फार भयंकर होती. गिरण्यांतून आणि गोदीतून घरी परतणारी माणसे तिला आगबोटीने आणि पायवाटेने गावोगाव घेऊन गेली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. या साथीत ऐन विशी-तिशीतली माणसे मोठ्या संख्येने गेली आणि गरोदर बायकांना तर तिने विशेष गाठले. तुमची वहिनी कदाचित बाळंतपणात नव्हे, त्या तापात गेली असेल, आणि खोली बाळंतिणीची म्हणून गोष्ट आपोआप अलवंतिणीच्या साच्यात बसली असेल.

तिचा माग काढता येतो. पहिली गोष्ट, काकूंना विचारा की भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, घरात कोणाच्या नावाने सवाष्ण जेवू घालत. वंशावळीत नाव नसलेल्या बाईचे पान त्या दिवशी मांडले जाते. दुसरी, देवघरातले टाक, म्हणजे पूजेतल्या धातूच्या छोट्या प्रतिमा, पाहा. पहिली बायको गेल्यावर दुसरी आली की तिच्या गळ्यात सवतीचा टाक घालण्याची पद्धत होती. ती बाई गेल्यानंतर असा टाक देव्हाऱ्यात किंवा एखाद्या डब्यात पडून राहतो आणि तो कोणाचा हे तिसऱ्या पिढीला ठाऊक नसते. तिसरी, गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, तालुक्याच्या अभिलेख कक्षात असतात. तुमचा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता, सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्यामुळे मालवणला नाही मिळाले तर रत्नागिरीला चौकशी करा. १९१८ चे सप्टेंबर ते डिसेंबर आधी पाहा. चौथी, तुमच्या घराण्याचे त्र्यंबकेश्वरी किंवा नाशिकला जे तीर्थोपाध्ये असतील त्यांच्या वह्या. कोणी क्रियाकर्म करायला गेले असेल तर तिथे नाव सापडते.

आमच्या घरातल्या लावसटीची गोष्ट एवढ्यासाठीच सांगते. ती आगरात फिरते आणि नारळ पाडू देत नाही असे आम्हांला सांगत. माझ्या आजीने मरण्याआधी सांगितले की ती आजीच्या चुलत सासऱ्यांची विधवा भावजय होती. हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काच्या १९३७ च्या कायद्याआधी विधवेला वाटणीत हिस्सा नव्हता, केवळ अन्नवस्त्राचा हक्क होता, आणि आमच्या वाडवडिलांनी तिला तेही धड दिले नाही. ती ज्या माडांवर स्वतःचा गुजारा मागत होती, त्याच माडांवर तिला भूत म्हणून बसवले. दर वर्षी तिला लुगडे वाहतात. जिवंतपणी वर्षाला दोन लुगडी एवढीच तिची मागणी होती, असे आजी म्हणाली होती. तेव्हापासून मला त्या आगरात भीती वाटत नाही, लाज वाटते.

पिंगळा :

माजघर यांचा प्रतिसाद वाचून माझ्या वरच्या वाक्यात दुरुस्ती करतो. निम्म्या हडळी घुबडाच्या खात्यावर टाकताना मी आवाजाचा विचार केला होता, नावाचा नाही. आवाज घुबडाचा असू शकतो, पण त्या आवाजाला वहिनीच का म्हटले गेले, मामंजी का नाही, हे घुबड सांगू शकत नाही.

आगरवाट :

सर्वांचे आभार. पितृपक्षात गावी जाऊन आलो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

येताना कुडाळला काकूंकडे थांबलो आणि थेट अविधवा नवमीबद्दल विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “तुझ्या पणज्यांची पयली बायल. तिचा पान मी मांडी होतंय, पण तुमी कोणी कदी विचारलास नाय.” म्हणजे आम्ही ज्यांना पणजी म्हणतो त्या दुसऱ्या. पहिल्या मानमोडीत गेल्या, पोटात सात महिन्यांचे मूल होते. त्याच आठवड्यात घरातली आणखी दोन माणसे गेली आणि खांदा द्यायला पुरेसे पुरुष वाडीत उठून उभे राहण्याच्या स्थितीत नव्हते. त्यांना आजारपणात त्या खोलीत ठेवले होते, कारण इतरांपासून दूर अशी तीच एक जागा होती. खोलीत कोणाला नावाने हाक मारायची नाही हा नियम कुठून आला, हेही काकूंना त्यांच्या सासूबाईंनी सांगितले होते. त्या आतून हाका मारत होत्या आणि तापाच्या भीतीने कोणी आत जात नव्हते. हे लिहिताना मला थांबावे लागले. आमच्या पूर्वजांना दोष देण्याइतका मी त्या आठवड्यात तिथे नव्हतो, पण त्या नियमाचा अर्थ आता मला वेगळा लागतो.

टाक सापडला. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर तांब्याच्या डबीत, चांदीचा, अंगठ्याच्या नखाएवढा, वर कडी असलेला. नाव मात्र अर्धेच मिळाले. काकूंना त्यांचे लग्नातले नाव ठाऊक आहे, माहेरचे नाही. माहेर देवगडकडचे एवढेच त्या सांगतात. मालवणला अभिलेख कक्षात अर्ज देऊन आलो आहे. वंशावळीत पणजोबांच्या नावाशेजारी आता दोन रेघा काढल्या आहेत आणि त्यांतली पहिली लांब सोडली आहे.

तेरेखोलपार, तुमची शंका खरी निघाली. रोटाचा मान आमचा नव्हताच. तो गडग्यापलीकडच्या एका कुटुंबाचा होता आणि चाळीस वर्षांपूर्वी बांधावरून झालेल्या भांडणानंतर आमच्या आजोबांनी त्यांना आगरात येऊ दिले नाही. त्यांच्या घरी जाऊन आलो. चहा मिळाला, होकार अजून मिळालेला नाही.

विहिरीला आम्ही हात लावणार नाही; वर लोखंडी जाळी बसवून घेतो आहे. जाणकाराला भावाने स्वतःच नकार कळवला. धन निघाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते हे ऐकल्यावर त्याचा त्या विषयातला रस कमी झाला, आणि खरे सांगायचे तर पणजीची हकीकत ऐकल्यावर उरलेलाही गेला. खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीत खिडकी काढायची असे ठरले आहे. गवंडी गाऱ्हाण्यानंतर तयार झाला. कामाला लागण्याआधी त्याने खोलीच्या उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिले, ते मीच आणून दिले होते.

छपराचे काम मात्र दिवाळीपर्यंत पुढे ढकलावे लागले आहे. माळ्यावर चढलो तेव्हा कोपऱ्यात चार पांढरी पिले एकमेकांना चिकटून बसलेली दिसली आणि मला पाहताच त्यांनी जाते सुरू केले.